उशिरा सुचलेला संशय

बड्या घरात खून पडला की तो खून त्या घराचा राहत नाही, साऱ्या मुलखाचा होतो. कचेरीतल्या मधल्या सुटीत, आगगाडीच्या डब्यात, शाळेच्या शिक्षकखोलीत जो तो फौजदार होतो आणि प्रत्येकाजवळ एखादी ‘आतली बातमी’ असते. कोणी केले असेल, कशासाठी केले असेल, पैसा कोठे मुरला असेल, या प्रश्नांचा खल चहा थंड होईपर्यंत चालतो. या कुतूहलाला नाके मुरडणे सोपे आहे. पण हे कुतूहल केव्हा जागे होते आणि केव्हा गाढ झोपलेले असते, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातील मर्डॉक घराण्याचे प्रकरण त्या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखे आहे.

७ जून २०२१ च्या रात्री दहाच्या सुमारास अ‍ॅलेक्स मर्डॉक या वकिलाने पोलिसांना दूरध्वनी केला. मोझेल नावाच्या आपल्या विस्तीर्ण शेतवाडीवर, कुत्र्यांच्या खुराड्यांपाशी, पत्नी मॅगी आणि धाकटा मुलगा पॉल गोळ्या लागून पडले आहेत, असे त्याने सांगितले. मॅगी ५२ वर्षांची होती, पॉल अवघा २२ वर्षांचा. दोघांना दोन वेगवेगळ्या बंदुकांनी मारलेले होते. त्या रात्रीपासून तर्कांचा जो पूर आला, तो वर्षानुवर्षे ओसरला नाही.

शंभर वर्षांचा दरारा

हे तर्क इतक्या वेगाने का पसरले, हे कळण्यासाठी घराण्याची पूर्वपीठिका ध्यानात घेतली पाहिजे. हॅम्प्टन हे त्या राज्याच्या सखल, दलदलीच्या भागातील लहानसे गाव. १९२० पासून २००६ पर्यंत त्या परिसरातील पाच परगण्यांचे मुख्य सरकारी वकीलपद मर्डॉक घराण्यातील आजोबा, मुलगा आणि नातू यांच्याकडे एकामागून एक राहिले. तेथे हे पद निवडणुकीने मिळते. कोणावर खटला भरायचा आणि कोणाला सोडायचे, हे ठरविण्याचा अधिकार त्या पदाला असतो. त्याच घराण्याची खाजगी वकिली पेढीही होती आणि अपघातग्रस्तांच्या वतीने रेल्वे व इतर बड्या कंपन्यांकडून भरपाई मिळवून देण्यात तिचा हातखंडा होता. एका हाती सरकारचा दंडुका आणि दुसऱ्या हाती गरिबाचे वकीलपत्र, अशी ही सत्ता होती. चौथ्या पिढीतील अ‍ॅलेक्सला ते पद मिळाले नाही. पण पेढी मिळाली, आणि नावाचा दरारा तर आयताच मिळाला.

अशा दराऱ्याखाली माणसे बोलत नाहीत, कुजबुजतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये मर्डॉकांची एक बोट मध्यरात्रीनंतर पुलाच्या खांबावर आदळली आणि तिच्यातील १९ वर्षांची एक मुलगी मरण पावली. मद्य पिऊन बोट चालविल्याचा आरोप पॉलवर ठेवण्यात आला. मृत्यूसमयी तो त्याच खटल्याची वाट पाहत होता. त्यामुळे खुनाची वार्ता पसरताच पहिला तर्क निघाला तो सुडाचा. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की त्या रात्री घटनास्थळी आलेल्या पोलिसाजवळ खुद्द अ‍ॅलेक्सनेच बोटीच्या अपघाताचा विषय काढला होता आणि मुलाला धमक्या येत होत्या असे सांगितले होते. कुजबुजीला दिशा देणे किती सोपे असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

तीन महिन्यांनी, ४ सप्टेंबरला, आणखी एक नाट्य घडले. रस्त्याच्या कडेला मोटारीचे चाक बदलत असताना अनोळखी माणसाने आपल्यावर गोळी झाडली, असे अ‍ॅलेक्सने कळविले. मारेकऱ्यांची टोळी घराण्याच्या मुळावर उठली आहे, या तर्काला नवा जोर आला. दहाच दिवसांत त्याचा फुगा फुटला. आपण मेलो तर हयात असलेल्या मुलाला विम्याचे एक कोटी डॉलर मिळावेत, म्हणून आपणच एका ओळखीच्या माणसाला गोळी झाडण्यास सांगितले होते, अशी कबुली त्याने वकिलांमार्फत दिली. आदल्याच दिवशी त्याच्या पेढीने त्याचा राजीनामा घेतला होता. कारण खुनाशी संबंधित नव्हते. हिशेब जुळत नव्हते.

जमाखर्चाची वही काय सांगत होती?

या कथेचा खरा गाभा येथून सुरू होतो. अ‍ॅलेक्स मर्डॉक वर्षानुवर्षे आपल्या पक्षकारांचे पैसे खात होता. त्याची युक्ती पाहिली तर एखाद्या अनुभवी कारकुनालाही नवल वाटू नये. अपघाताच्या भरपाईची रक्कम सुरक्षित गुंतवून पक्षकाराला हप्त्याहप्त्याने मिळण्याची व्यवस्था करणारी एक खरीखुरी कंपनी होती. तिच्या नावात ‘फोर्ज’ हा शब्द होता. अ‍ॅलेक्सने ‘फोर्ज’ याच नावाने बँकेत आपले खाते उघडले आणि पक्षकारांच्या रकमांचे धनादेश त्या नावाने काढवून घेतले. पेढीतील माणसांना वाटले, पैसे त्या कंपनीकडे चालले आहेत. ते जात होते त्याच्या खिशात. इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ ‘बनावट करणे’ असाही आहे. इतक्या उघडपणे लिहिलेली गोष्टही कोणी वाचली नाही.

आणि हे पैसे कोणाचे होते? अपघाताने शरीर लुळे पडलेल्या एका कर्णबधिर तरुणाचे. मोटार अपघातात आई गमावलेल्या दोन लहान बहिणींच्या ठेवीतून तर परस्पर कर्जे उचलली गेली. त्यांचा पालक म्हणून ज्याला न्यायालयाने नेमले होते, तो स्थानिक बँकेचा प्रमुखच या व्यवहारांत सामील होता. २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा प्रकार!

सर्वांत चीड आणणारी हकीकत आहे ती घरकाम करणाऱ्या बाईची. वीस वर्षांहून अधिक काळ तिने या घराची सेवा केली, त्यांची मुले वाढवली. २०१८ मध्ये मोझेलच्या पायऱ्यांवरून पडून झालेल्या दुखापतीने ती मरण पावली. अ‍ॅलेक्सने तिच्या मुलांना धीर दिला आणि माझ्यावरच दावा लावा म्हणजे विमा कंपनीकडून तुम्हाला भरपाई मिळेल, असे सुचविले. वकीलही त्यानेच नेमून दिला. तो त्याचा जुना मित्र होता. विमा कंपन्यांनी सुमारे ४३ लाख डॉलर दिले. मुलांच्या हाती एक छदामही आला नाही. दावा मिटला आहे, ही गोष्टसुद्धा त्यांना वर्तमानपत्रांतून कळली.

पुढे २०२३ मध्ये अ‍ॅलेक्सने हे आर्थिक गुन्हे न्यायालयात कबूल केले. राज्याच्या न्यायालयाने त्याला २७ वर्षांची आणि संघराज्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ४० वर्षांची शिक्षा दिली. सुमारे ८७ लाख डॉलरची भरपाई करण्याचाही हुकूम झाला.

आता प्रश्न असा, की ही लूट चालू असताना तर्क करणारे हजारो लोक कोठे होते? ते तेथेच होते. पेढीत भागीदार होते, बँकेत अधिकारी होते, न्यायालयात कागदांवर सह्या करणारे होते. मर्डॉक म्हटल्यावर शंका कशी घ्यायची, या संकोचाने सारे गप्प होते. रक्त सांडेपर्यंत शंका घेणे उद्धटपणाचे मानले गेले, आणि रक्त सांडल्यावर कोणावरही वाटेल ती शंका घेणे हा करमणुकीचा विषय झाला. आधीचे मौन आणि नंतरची बडबड ही एकाच भित्रेपणाची दोन रूपे आहेत.

बडबडीचे बळी

या बडबडीने काहीच साधले नाही असे मात्र नव्हे. न्यायाने बोलायचे तर तिच्या पदरात काही पुण्यही आहे. जुलै २०१५ मध्ये हॅम्प्टन परगण्यात १९ वर्षांच्या एका तरुणाचे प्रेत रस्त्यावर सापडले होते. वाहनाच्या धडकेने मृत्यू, अशी नोंद होऊन ते प्रकरण धूळ खात पडले. मर्डॉक खुनांच्या तपासानंतर ते पुन्हा उघडण्यात आले आणि हा मृत्यू मनुष्यवधाचा असल्याचे धरून तपास चालल्याचे २०२३ मध्ये सांगण्यात आले. त्या तरुणाच्या आईने सहा वर्षे ठोठावलेले दार अखेर उघडले, याचे श्रेय काही अंशी लोकांच्या आवाजाला दिलेच पाहिजे.

परंतु त्याच आवाजाने या मृत्यूशी मर्डॉकांच्या थोरल्या मुलाचे नाव जोडून टाकले. त्याच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नव्हता. आई आणि भाऊ गमावलेल्या, बाप तुरुंगात असलेल्या त्या तरुणाला ‘हे खरे नाही’ असे जाहीर पत्रक काढावे लागले. २०२४ मध्ये त्याने माहितीपट काढणाऱ्या कंपन्यांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. आडनावाने ज्यांना संरक्षण दिले होते, त्यांनाच आडनावाने आरोपी केले. दोन्ही वेळी पुराव्याची गरज कोणाला भासली नाही.

न्यायालयाच्या दाराशी

खुनाचा खटला जानेवारी २०२३ मध्ये वॉल्टरबरो येथे उभा राहिला. त्या न्यायदालनात अ‍ॅलेक्सच्या आजोबांचे तैलचित्र टांगलेले असे. न्यायाधीश क्लिफ्टन न्यूमन यांनी ते खटल्यापुरते खाली उतरवायला लावले. एका साध्या हुकमात न्यायाची केवढी समज आहे! हत्यारे सापडलेली नव्हती, प्रत्यक्ष पाहणारा कोणी नव्हता. निर्णायक ठरले ते पॉलच्या मोबाईलमधील एक छोटेसे चित्रण. रात्री ८ वाजून ४४ मिनिटांनी, खुनाच्या थोडाच वेळ आधी, ते खुराड्यांपाशी घेतलेले होते आणि त्यात अ‍ॅलेक्सचा आवाज होता. आपण त्या संध्याकाळी तिकडे फिरकलोच नाही, असे तो तोवर सांगत आला होता. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला ते खोटे कबूल करावे लागले. २ मार्चला ज्यूरीने तीन तासांच्या आत त्याला दोषी ठरविले आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी दोन जन्मठेपा सुनावल्या.

लूट उघडकीस येण्याची वेळ जवळ आली म्हणून सहानुभूती मिळविण्यासाठी त्याने खून केले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. खुनाच्या दिवशीच पेढीच्या हिशेब विभागाच्या प्रमुख बाईंनी त्याला ७ लाख ९२ हजार डॉलरच्या गहाळ रकमेबद्दल विचारले होते, हे खरेच आहे. परंतु चोरीचा इतका पुरावा खुनाच्या खटल्यात ज्यूरीपुढे यावा काय, हा बचाव पक्षाचा आक्षेपही पोरकट म्हणता येणार नाही. जो चोर तो खुनीही असलाच पाहिजे, हे गावगप्पांचे तर्कशास्त्र झाले; न्यायालयाचे तर्कशास्त्र निराळे असावे लागते.

दुर्दैव असे, की गावगप्पांचा ज्वर खुद्द न्यायालयाच्या कचेरीत शिरला. न्यायालयाची कचेरी सांभाळणाऱ्या निर्वाचित अधिकारी बेकी हिल यांनी खटल्यावर पुस्तक लिहिले. त्यांनी ज्यूरीतील लोकांशी आरोपीच्या साक्षीविषयी शेरेबाजी केली, अशी तक्रार आली. जानेवारी २०२४ मध्ये माजी सरन्यायाधीश जीन टोल यांनी चौकशी करून, निकालावर त्याचा परिणाम झाला नाही म्हणून फेरखटला नाकारला. अपील पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२५ मध्ये या बाईंनी न्यायालयापुढे खोटे बोलल्याचा गुन्हा कबूल केला. जिने खटल्याची शुचिता राखायची, तीच प्रसिद्धीच्या मोहात पडली. अपिलाच्या निकालाने काय ठरते हा कायद्याचा प्रश्न आहे. खटल्याला लागलेला डाग मात्र त्याने पुसला जाणारा नाही.

आपल्याला हे अपरिचित नाही. १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला, तेव्हा ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली आणि सारे शहर दोन तटांत विभागले गेले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. लोकांचा कौल आणि पुराव्याचा कौल यांत केवढे अंतर पडू शकते, हा धडा तेव्हाच मिळाला होता. आपण ज्यूरीची पद्धत पुढे सोडून दिली. कट्ट्यावरची ज्यूरी मात्र अद्याप रोज बसते.

ती बसू नये, असे म्हणण्यात अर्थ नाही. बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही. मात्र तिने आपली वेळ थोडी अलीकडे आणावी, एवढे म्हणता येईल. प्रतिष्ठित माणूस पतपेढीच्या सभेत ताळेबंद वाचून न दाखवता टाळ्यांच्या गजरात मंजूर करून घेतो, तेव्हा उठून एक प्रश्न विचारायला किती जण धजतात? मोठ्या आडनावाच्या वकिलाने ‘सही कर’ म्हटल्यावर ‘कशावर?’ असे विचारण्याची हिंमत किती जणांत असते? मर्डॉक प्रकरणात सर्वांत मोलाचा प्रश्न कोणा हेराने किंवा पत्रपंडिताने विचारला नव्हता. हिशेब सांभाळणाऱ्या एका बाईने तो विचारला होता: ही रक्कम कोठे आहे?

तो प्रश्न दहा वर्षे आधी विचारला गेला असता, तर त्या बाईच्या मुलांना आईच्या मृत्यूची भरपाई मिळाली असती आणि त्या दोन बहिणींची ठेव शाबूत राहिली असती. याहून अधिक काय टळले असते, याचा तर्क करण्याचा मोह आपण आवरलेला बरा.