हुडकेश्वर : ग्रामसभेकडून प्रभागाकडे

नगराच्या कडेला घरे वाढली की उपनगर झाले, असे सामान्यतः मानले जाते. समाजशास्त्राच्या दृष्टीने एवढे पुरेसे नाही. तेथील रहिवासी परस्परांशी कोणत्या नात्याने बांधले जातात आणि आपल्या समाईक प्रश्नांचा निर्णय कोठे बसून करतात, हे पाहिल्यावाचून उपनगराचे स्वरूप कळत नाही. नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वर हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे उदाहरण होय.

हुडकेश्वर मूळचे शेतीचे गाव. नागपूरचा विस्तार मानेवाड्यापलीकडे सरकू लागला, तसे येथील शेतांचे भूखंड पडले आणि ‘ले-आऊट’ हा शब्द बोलण्यात रुळला. ले-आऊट हे केवळ मोजणीचे नाव नव्हे, तर नव्या शेजाराचे एकक होय. गावठाणात माणसाची ओळख घराण्यावरून पटते, ले-आऊटमध्ये प्लॉटच्या क्रमांकावरून. जर्मन समाजशास्त्रज्ञ टॉनीज याने १८८७ मध्ये नात्यागोत्यावर उभा असलेला समुदाय आणि करारावर उभा असलेला समाज असा भेद केला होता. भूखंडाची खरेदी हा उघडच करार आहे. परंतु रस्ता, गटार व नळ यांच्या अभावी शेजाऱ्यांना एकत्र यावे लागते आणि त्या एकत्र येण्यातून करारातही समुदाय रुजतो. नागपूरच्या अशा वस्त्यांत सार्वजनिक गणेशोत्सव आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती ही त्याची दृश्य रूपे होत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा तान्हा पोळा तर विशेष सूचक आहे. दारी खरा बैल उरला नाही तरी मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. शेती गेली, परंतु तिचा सण शेजाराच्या स्वाधीन झाला.

या सामाजिक परिवर्तनामागोमाग शासकीय परिवर्तन आले. २०१३ मध्ये हुडकेश्वर व नरसाळा ही गावे नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाली. ग्रामपंचायतीच्या व्यवस्थेत प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. महापालिकेच्या व्यवस्थेत तो प्रामुख्याने प्रभागाचा मतदार उरतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली खरी; परंतु अशा समितीत सर्व मतदार बसत नाहीत. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात निवडून आलेला नगरसेवकही नव्हता. मोठ्या संस्थेचे उत्पन्न व यंत्रसामग्री यांचा लाभ मिळण्याची वाट मोकळी झाली, परंतु प्रश्न मांडण्याचे जवळचे स्थान गेले.

याच्या उलट दिशेचा प्रवास उत्तर मॅसिडोनियातील शुतो ओरिझारी या स्कोपिएच्या उपनगराचा आहे. २६ जुलै १९६३ च्या भूकंपात स्कोपिए शहर उद्ध्वस्त झाले आणि सहस्राहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यानंतर टोपाना या जुन्या वस्तीतील व इतर रोमा कुटुंबे येथे वसली. रोमांचे पूर्वज सुमारे एक सहस्र वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कन’ म्हणतात. मराठी वाचकाला त्यात ओळखीचा स्वर ऐकू येईल. १९९६ मध्ये या उपनगराला स्वतंत्र नगरपालिकेचा दर्जा मिळाला. २००२ च्या जनगणनेत तेथील २२,०१७ रहिवाशांपैकी १३,३४२ रोमा होते. तेथे रोमानी भाषेला मॅसिडोनियन भाषेच्या बरोबरीने अधिकृत स्थान आहे. स्कोपिए नगराच्या अंतर्गत राहूनही शुतो ओरिझारीला स्वतःचा महापौर व परिषद आहे. दारिद्र्य व बेकारी मात्र तेवढ्याने हटली नाही.

या दोन उदाहरणांवरून कोणतीही एक व्यवस्था श्रेष्ठ ठरत नाही. स्वशासनाने उत्पन्न आपोआप वाढत नाही आणि उत्पन्नाने समुदायाला वाचा फुटत नाही. परंतु महानगराच्या पोटातही उपनगराला स्वतःची परिषद असू शकते, एवढे स्कोपिएच्या रचनेवरून दिसते. हुडकेश्वरसारख्या ठिकाणी समुदाय ले-आऊटच्या पातळीवर घडतो, तर निर्णय त्याहून कितीतरी विस्तृत प्रभागाच्या व महापालिकेच्या पातळीवर होतात. या दोन पातळ्यांतील अंतर भरून काढणारी सभा कोणती, हा उपनगरांच्या अभ्यासातील आज मुख्य प्रश्न होय.