जुन्या अमेरिकी तलवारींची पारख कशी करावी?

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळातील तलवारींना संग्राहकांकडून मोठी मागणी आहे. मागणीपाठोपाठ बनावट मालही बाजारात आल्याने हौसेपोटी पैसे मोजणाऱ्याची फसगत होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी तलवारीवरील खुणा वाचता येणे आवश्यक ठरते.

नमुना कोणता?
या तलवारी नमुन्याच्या वर्षावरून ओळखल्या जातात. १८४० च्या नमुन्याची घोडदळाची तलवार इतकी जड होती, की तिला 'मनगटमोडी' असे टोपणनाव पडले. त्यानंतर १८६० चा हलका, अरुंद पात्याचा नमुना आला. दोन्हींची परज पितळी व तीन फाट्यांची असल्याने गल्लत होते. पात्याची रुंदी पाहिली की फरक कळतो. तोफखान्यातील पायी सैनिकांची १८३२ ची आखूड तलवार रोमन खड्गाच्या धर्तीवर घडवलेली होती. १९१३ ची सरळ पात्याची घोडदळ तलवार जॉर्ज पॅटन यांनी आखली. दुसऱ्या महायुद्धात गाजलेले सेनानी ते हेच. अर्थात, नमुन्याचे वर्ष म्हणजे निर्मितीचे वर्ष नव्हे.

पात्यावरील पुरावा
मुठीलगतच्या भागावर कारखान्याचे नाव, 'यूएस' ही अक्षरे, वर्ष आणि सरकारी तपासनिसाची आद्याक्षरे ठोकलेली आढळतात. मॅसॅच्युसेट्समधील चिकोपी येथील एम्स हा त्यातील प्रमुख कारखाना. अधिकारी मात्र आपली तलवार स्वतः विकत घेत. त्यामुळे तिच्यावर सरकारी शिक्का नसला, तरी ती खोटी ठरत नाही. अनेक पाती जर्मनीतील सोलिंगेनहून येत आणि अमेरिकी व्यापाऱ्यांच्या नावाने विकली जात. पात्यावर इंग्रजीत 'जर्मनी' असे असेल, तर ते बहुधा यादवी युद्धानंतरचे असते, कारण आयात मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती १८९० च्या जकात कायद्याने झाली.

फसगत कुठे होते?
दक्षिणेकडील बंडखोर राज्यांच्या तलवारी संख्येने कमी, ओबडधोबड आणि बहुधा शिक्क्याविना असत. नेमका याचाच लाभ उठवून साध्या तलवारीवर 'सीएस' ही अक्षरे ठोकली जातात व किंमत वाढवली जाते. नाइट्स टेम्प्लरसारख्या बंधुसंघांच्या समारंभी तलवारीही लष्करी म्हणून खपवल्या जातात. सरदाराच्या शिरस्त्राणाची मूठ आणि क्रूसाची नक्षी ही त्यांची ओळख. यात भारताचाही संबंध येतो. येथे तयार होणाऱ्या प्रतिकृती उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात. पुढे कोणीतरी 'इंडिया' हा शिक्का घासून काढतो आणि तीच तलवार अस्सल ठरते. शिक्क्याच्या जागी घासल्याचा खोलगटपणा दिसला, तर सावध व्हावे.

चकाकी नको
तलवार हाती येताच ती घासूनपुसून लख्ख करणे ही सर्वात महाग पडणारी चूक होय. पॉलिशमुळे काळाने चढलेला गडद थर जातो, बारीक अक्षरे पुसट होतात आणि मूल्यही घटते. कोरडे फडके व तेलाचा पातळ हात एवढे पुरेसे असते. कारण पात्यावरील पुसट नाव हाच कित्येकदा त्या सैनिकापर्यंत पोहोचण्याचा अखेरचा दुवा असतो.