वाटीतले साठ ग्रॅम

मध्यम वाटीभर पातळ वरणात साधारण पाच ग्रॅम प्रथिनं असतात. एरवी हा आकडा कुणाला ठाऊक असण्याची गरज पडत नाही. वरण, पोळी, उसळ, दूध, दही असं दिवसभरात थोडं थोडं पोटात जातं आणि शरीराचं भागतं. पण वजन कमी करण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया झाली की हिशेब अवघड होतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत असं डॉक्टर सांगतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत एका वेळी अर्धी वाटीसुद्धा जात नाही. नुसत्या पातळ वरणावर साठ गाठायचे तर बारा वाट्या लागतील, म्हणजे पावणेदोन लिटरहून अधिक वरण. ते अशक्य आहे. मग साठ ग्रॅम जातात कसे? ते घरात कुणाला तरी रोज जमवावे लागतात. माझ्या धाकट्या बहिणीसाठी ते मी जमवले.

तिची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी पुण्यात झाली आणि ती सांगलीला घरी परतली, तेव्हा तिचं स्वयंपाकघर सांभाळायला मी गेले. तिचं वजन ११८ किलो होतं, मधुमेह होता, रात्री झोपेत श्वास अडकायचा. तिनं आणि डॉक्टरांनी मिळून विचारपूर्वक घेतलेला हा निर्णय होता. या शस्त्रक्रियेत जठराचा बाहेरचा फुगीर भाग, साधारण तीन चतुर्थांश ते ८० टक्के, काढून टाकतात आणि उरलेली उभी निमुळती नळी टायटॅनियमच्या बारीक पिनांनी शिवतात. तिच्यात शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं, आणि सुरुवातीला सूज असल्यानं त्याहूनही कमी. काढलेल्या भागात भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. त्यामुळे भूकही मंदावते. वजन उतरायला हे चांगलं. पण ज्याला भूक लागत नाही, त्याला जेवायची आठवण दुसऱ्या कुणीतरी करून द्यावी लागते.

१९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या शल्यविशारदांनी वजन घटवण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास ही जठराचीच दुसरी एक शस्त्रक्रिया सुरू केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढून टाकलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि सहसा परत वाढत नाही, या निरीक्षणातून ती कल्पना आली होती. म्हणजे एका आजाराच्या उपचारात जी अडचण मानली जायची, तीच दुसऱ्या आजारावरचा उपाय झाली. अडचण मात्र अडचणच राहिली. खाणं कमी जातं, त्याबरोबर पोषणही कमी जातं. दिवसाला सहाशे-आठशे कॅलरी मिळत असताना शरीर चरबी जाळतं, तसे स्नायूही मोडून वापरतं. चरबी जावी आणि स्नायू टिकावेत, आतला शिवलेला भाग नीट भरून यावा, यासाठी प्रथिनं आणि रोजचं चालणं या दोन गोष्टींवर सगळा भर असतो.

डाएटिशियन मॅडमनी दिलेला कागद आम्ही फ्रिजवर चिकटवला. पहिले एक-दोन दिवस निवळ पातळ पदार्थ, ते दवाखान्यातच झाले. मग दोन आठवडे दाट पातळ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं मऊ, त्यानंतर मऊ शिजवलेलं आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं जेवण. प्रत्येक दवाखान्याचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, पण क्रम हाच. शिवणीला भरून यायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. कागदावर ठळक अक्षरात एक सूचना होती : आधी प्रथिनं, मग बाकी सगळं. ताटात भाजी, भात आणि पनीर असेल तर पहिला घास पनीरचा, कारण तिसऱ्या घासापर्यंत जागा उरेलच असं नाही.

पातळ पदार्थांच्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं, की आपण ज्याला ताकदीचं समजतो त्यातलं पुष्कळसं पाणीच असतं. तिच्या सासूबाईंनी मायेनं वरणाची वरची निवळ काढून ठेवली होती. आजारी माणसाला आपल्याकडे तीच देतात. पण डाळीतली प्रथिनं खाली बसलेल्या गाळात असतात, निवळीत नाममात्र. म्हणून मुगाचं कढण वेगळ्या रीतीनं करायला लागले. २० ग्रॅम मूगडाळ काट्यावर मोजायची, हिंग-हळद घालून कुकरला अगदी गळेपर्यंत शिजवायची, मिक्सरमधून फिरवायची आणि बारीक गाळणीवर चमच्यानं घासून सगळं खाली उतरवायचं. गाळणीत फक्त चोथा राहिला पाहिजे. शंभर मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅम प्रथिनं. वरून जिऱ्याची पूड आणि लिंबाचे दोन थेंब. फोडणी नाही. तेलाच्या वासानंच तिला मळमळायचं.

मग दूध. शंभर मिलिलिटर दुधात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. त्यात साय काढलेल्या दुधाची १५ ग्रॅम पावडर मिसळली की आणखी पाच ग्रॅमची भर पडते, आणि पेल्यातली पातळी जवळपास तेवढीच राहते. या कामाचं मर्म मला तिथं सापडलं. पदार्थ पौष्टिक आहे की नाही, हा प्रश्न पुरेसा नव्हता. दोन चमच्यांत मावेल एवढ्या जागेत किती ग्रॅम बसतात, हे पाहायचं होतं. नारळपाणी, भाताची पेज, फळांचे रस, साबुदाण्याची खीर, सगळं या कसोटीवर मागं पडलं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. आषाढी आली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "निदान उपासाचं तरी खाईल ना?" मॅडमनी फोनवर सांगितलं, की पहिले काही महिने उपास नको. सासूबाईंनी ते ऐकलं आणि तिच्या वाटचा उपासही आपणच धरला.

चक्का मात्र मनासारखा झाला. लिटरभर साय काढलेल्या दुधाचं दही सुती फडक्यात बांधून रात्री नळाला टांगायचं. सकाळी खाली पाणी आणि वर घट्ट चक्का. तो शंभर ग्रॅम घेतला तर त्यात नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं. श्रीखंडाच्या वाटेवर साखरेच्या अलीकडे थांबायचं, चिमूटभर वेलची घालायची. पनीरमध्ये तर शंभर ग्रॅमला अठरा. ३० ग्रॅम पनीर थोडं दूध घालून मिक्सरला फिरवलं की मलईसारखं होतं आणि घशाखाली सहज उतरतं.

एवढं करूनही सुरुवातीला साठ भरत नाहीत. तिथं व्हे प्रोटीनची पावडर लागते. चीज करताना जे पाणी उरतं त्यातलीच ही प्रथिनं, गाळून आणि वाळवून घट्ट केलेली. ३० ग्रॅमच्या एका मापात साधारण २४ ग्रॅम. दूध न पचणाऱ्यांसाठी त्यातलाच आयसोलेट नावाचा प्रकार असतो, त्यात दुधातली साखर फारच कमी. पावडर कुठली घ्यायची हे डाएटिशियनला विचारूनच ठरवावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाणच वेगळं ठरवावं लागतं. पावडर कालवण्याची एक रीत आहे. गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात. आधी गार पाण्यात सरसरीत कालवायची, मग कोमट दूध हळूहळू ओतायचं. हलवून फेस आला तर तो बसेपर्यंत थांबायचं, नाहीतर फेसातली हवा त्या अरुंद नळीत जाऊन कळ येते.

चौथ्या आठवड्यातला एक दिवस माझ्या वहीत असा लिहिलेला आहे. सकाळी पावडर घातलेलं दूध, आठ ग्रॅम. साडेनऊला एक अंडं, मऊ भुर्जी, सहा. साडेअकराला व्हेचं अर्धं माप, बारा. दुपारी घोटलेलं मुगाचं वरण आणि त्यात ३० ग्रॅम पनीर, दहा. चार वाजता व्हेचं उरलेलं माप, बारा. संध्याकाळी ५० ग्रॅम चक्का, पाच. रात्री पनीर घालून घोटलेला दुधी, सहा. बेरीज ५९. यातले २४ पावडरचे आहेत. घरच्या अन्नानं त्यांची जागा घ्यायला पुढे आणखी काही महिने लागले.

या खाण्यांच्या मधल्या वेळात पाणी. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, आणि एकदम घटाघटा तर मुळीच नाही. तरी दिवसाकाठी दीड लिटर द्रव पोटात जायला हवा. पहिल्या आठवड्यात दवाखान्यानं दिलेल्या ३० मिलिलिटरच्या छोट्या कपानं आम्ही दर पाव तासाला एक कप देत होतो. तासाला १२०, बारा तासांत १४४०. शस्त्रक्रियेनंतर लोकांना पुन्हा दवाखान्यात जावं लागतं, त्याच्या नेहमीच्या कारणांत पाणी कमी पडणं हे एक असतं. म्हणून लघवीचा रंग, तोंडाची कोरड, उठताना येणारी चक्कर, हे सगळं रोज विचारत होते.

तिच्या जेवणाकडे पाहणं हाही कामाचाच भाग होता. घास चहाच्या चमच्याच्या टोकाएवढा. पंचवीस-तीस वेळा चावायचा. चमचा खाली ठेवायचा. मग पुढचा. तीन चमचे वरणाला वीस मिनिटं. पोट भरल्याची खूण एरवी पोटात कळते, तिला ती छातीच्या मध्यभागी दाब येऊन कळायची. कधी उचकी लागायची, कधी नाक वाहायला लागायचं. ही खूण दिसली की त्याच क्षणी थांबायचं. आणखी एकच चमचा घेतला तर कळ येते आणि तोंडात फेसाळ लाळ दाटून सगळं उलटून पडतं.

हे थांबणं आपल्या घरात सगळ्यात अवघड. सासूबाई दारात उभ्या राहून पाहायच्या. एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, चिमणीसुद्धा याहून जास्त खाते. एवढंसं घे ना, माझ्यासाठी." बहीण म्हणाली, "अहो आई, खरंच जात नाही हो." आयुष्यभर ज्यांनी आग्रहानंच माया केली, त्यांना आग्रह सोडायला सांगणं कठोर वाटतं. मी त्यांना काटा दाखवला, वही दाखवली. दुसऱ्या दिवसापासून मूग मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. वीसच्या जागी एकवीस आले तर दाणे परत डब्यात टाकायच्या. संध्याकाळी मला विचारायच्या, "आज किती झाले गं?" आग्रह संपला नव्हता. आता तो ग्रॅममध्ये होत होता.

गोळ्यांचंही वेळापत्रक असतं. जठर लहान झाल्यावर आम्ल कमी तयार होतं आणि बी-१२ शोषून घ्यायला लागणारा घटकही कमी होतो. म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर. या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या जन्मभराच्या आहेत. वजन उतरलं म्हणून त्या बंद करायच्या नसतात. एक गोष्ट प्रत्येक घरानं लक्षात ठेवावी : उलट्या थांबत नसतील तर घरगुती उपाय करत बसू नये. शरीरातला बी-१ म्हणजे थायमिनचा साठा काही आठवड्यांत संपतो. मग एकाला दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं ही मेंदूवरच्या परिणामाची लक्षणं दिसू शकतात. अशा वेळी लगेच दवाखाना गाठायचा आणि शस्त्रक्रिया कोणती झाली आहे ते पहिल्या वाक्यात सांगायचं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावणं अशा रुग्णाला घातक ठरू शकतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले. कंगव्यात गुंता यायचा आणि ती गप्प व्हायची. वजन झपाट्यानं उतरताना हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. प्रथिनं किंवा लोह कमी पडलं तर गळणं वाढतं आणि लांबतं. आम्ही वही तपासली, रक्त तपासलं. लोह थोडं कमी होतं, डॉक्टरांनी मात्रा वाढवली.

आता ती पोळीचा चतकोर चावून चावून खाते. मटकीची उसळ चालते, अंडं चालतं, दह्यात कालवलेलं सातूचं पीठ चालतं. भात अजून जड जातो. मधुमेहाची गोळी डॉक्टरांनी बंद केली आहे आणि रात्री ती शांत झोपते. हे सगळं शल्यविशारदांच्या कौशल्यामुळे झालं, यात शंका नाही. पण घरी येताना जो कागद मिळतो, त्यावर कधी कधी "प्रथिनयुक्त आहार" एवढंच लिहिलेलं असतं आणि तो कागद रुग्णाच्या हातात असतो. रुग्ण तेव्हा थकलेला असतो, त्याला भूक नसते, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत स्वयंपाक दुसरंच कुणीतरी करत असतं. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच्या भेटीला घरातल्या त्या दुसऱ्या माणसालाही बोलवावं. त्या माणसासमोर काट्यावर वीस ग्रॅम डाळ मोजावी, निवळीत आणि गाळात काय फरक असतो ते दाखवावं, थांबायची खूण सांगावी, उलट्या झाल्या तर कुणाला फोन करायचा तो नंबर द्यावा. या सगळ्याला तासभर पुरेल. त्या तासाच्या भरवशावर पुढचे कितीतरी महिने जाणार असतात.