संकेतस्थळ देखणे नव्हे, उत्तर देणारे हवे

आजचा ग्राहक दुकानाची पायरी चढण्याआधी मोबाइलवर त्याचा शोध घेतो. मुंबई-हावडा लोहमार्गावरील तिरोडा हे धानाच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव. येथील एखाद्या लहान राईस मिलकडून तांदूळ घेऊ इच्छिणाऱ्या नागपूर वा मुंबईच्या व्यापाऱ्याला गिरणी प्रत्यक्ष पाहता येत नाही. त्याच्यासाठी संकेतस्थळ हेच गिरणीचे दार ठरते.

या व्यापाऱ्याचे प्रश्न साधे असतात. तांदूळ एचएमटी आहे की जय श्रीराम? नवा की जुना? २५ किलोच्या कट्ट्याचा भाव काय आणि तो कोणत्या तारखेचा? किमान किती माल घ्यावा लागेल? वाहतूक खर्च कोणाचा? ही उत्तरे पहिल्याच पानावर मिळावीत. सरकती चित्रे आणि लांबलचक स्वागतपर मजकूर यांमुळे पान उघडण्यास विलंब होतो व ग्राहक दुसरीकडे वळतो.

भावपत्रकाचे छायाचित्र टाकण्याऐवजी ते युनिकोड मराठीत टंकलिखित करावे. असा मजकूर शोधयंत्रांना सहज वाचता येतो आणि मंद इंटरनेटवरही पान लवकर उघडते.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. न पाहिलेल्या विक्रेत्याला आगाऊ रक्कम पाठविताना कोणीही कचरतो. म्हणून पूर्ण पत्ता, दूरध्वनी, जीएसटी क्रमांक आणि गिरणीची खरी छायाचित्रे द्यावीत. ग्राहकांना ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कायदेशीर नाव, पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क देणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण महिन्याभरात व्हावे, असेही हे नियम सांगतात.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे डोमेन, अर्थात संकेतस्थळाच्या नावाची मालकी. ‘डॉट इन’प्रमाणेच २०१४ पासून देवनागरीतील ‘डॉट भारत’ नावेही मिळतात. नोंदणी मात्र व्यावसायिकाने स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेलवर करावी व मुदत संपण्यापूर्वी तिचे नूतनीकरण करावे. नोंदणी संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या नावे राहिली, तर त्याच्याशी मतभेद होताच वर्षानुवर्षे रुजविलेले नाव हातचे जाऊ शकते.

संकेतस्थळ सुरू झाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. गेल्या हंगामाचा भाव तसाच राहिला, तर दूरच्या ग्राहकाला गिरणीच बंद पडल्यासारखी वाटते. त्यामुळे आठवड्यातून एकदा भाव व साठा तपासण्याची जबाबदारी घरातील वा गिरणीतील एका व्यक्तीवर सोपवावी.