पोकळीतले विरजण

२०२२ साली कोजागिरी आली होती ९ ऑक्टोबरला. संध्याकाळचे पावणेसात झाले होते. घरोघरचे दूध अजून आटायचे होते. तेवढ्यात 'शर' या चिमुकल्या तारकासमूहाच्या दिशेने गॅमा किरणांचा असा लोट आला की, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या फर्मी दुर्बिणीचे डोळेच दिपले. सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी एक प्रचंड तारा कोसळला, त्याची ही ज्योत. असे स्फोट १९६७ पासून टिपले जात आहेत. पण इतका तेजस्वी दुसरा नाही. दहा हजार वर्षांत एखादा, असा जाणकारांचा हिशेब आहे.

मी पडलो मराठीचा अध्यापक. मला त्या आतषबाजीपेक्षा तिच्या प्रतिध्वनीचेच कुतूहल अधिक. आणि गंमत अशी की, तो ऐकूच आला नाही!

आपल्या आकाशगंगेसारख्या तारकाविश्वांना मराठीत 'दीर्घिका' म्हणतात. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे. हा शब्द योजणाऱ्याला माझा नमस्कार. या दीर्घिकांत चुंबकत्व आहे, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण लाखाव्या हिश्शाएवढे. आतला घुसळता, विद्युत्भारित वायू ते वाढवतो. पण वाढवायला आधी थोडे असावे लागते. विरजणावाचून का कुठे दही लागते? मग हे विरजण कोठले? विश्वाच्या जन्मवेळीच पडलेले, की मागाहून ताऱ्यांनी उधळलेले? दीर्घिकांत शोधून उपयोग नाही, तिथे दही केव्हाच लागून गेले. शोधायचे ते दीर्घिकांमधल्या ओसाड पोकळीत.

पण तिथे होकायंत्र नेणार कोण? राइनर प्लागा यांनी १९९५ साली युक्ती सुचवली. अतिशक्तिमान गॅमा किरण वाटेत जुन्या तारकाप्रकाशावर आदळतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. ही जोडी विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या मंद प्रारणाला धक्का देते, आणि त्यातून कमी शक्तीचे नवे गॅमा किरण निघतात. हाच प्रतिध्वनी. पोकळीत चुंबकत्व मुळीच नसेल, तर जोडी सरळ धावते आणि प्रतिध्वनी मूळ झोताच्या पाठोपाठ येतो. असेल, तर जोडीची वाट वाकते. प्रतिध्वनी उशिरा, पसरून, क्षीण होऊन येतो. उशीर मोजा, चुंबकत्व कळेल!

कोजागिरीच्या त्या स्फोटाचे अतिशक्तिमान कण चीनमधल्या सिचुआन प्रांतात, ४,४१० मीटर उंचीवरच्या ल्हासो वेधशाळेने पहिल्या ५० मिनिटांत ६० हजारांहून अधिक टिपले. दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणाहून निदान दहा हजार कोटी पट शक्तीचे! तेव्हा मूळ झोत किती, हे पक्के झाले. त्या मानाने चुंबकत्वहीन पोकळीतून जेवढा प्रतिध्वनी यायला हवा, तेवढा काही फर्मीच्या नोंदींत मिळाला नाही. म्हणजे वाट वाकली असली पाहिजे. २०२३ सालच्या एका हिशेबाप्रमाणे, एका गॉसचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी, आणि त्यातल्याही एकाचे एक लाख. पोकळीतले चुंबकत्व या शेवटच्या कणाहून कमी नाही. पृथ्वीचे असते सुमारे अर्धा गॉस.

शंकेखोर आहेतच. ही जोडी पोकळीतल्या विरळ वायूतच शक्ती गमावत असेल, असे काहींचे म्हणणे. तसे असेल तर प्रतिध्वनी न येण्याचा दोष चुंबकत्वावर ढकलता येणार नाही. आणि विरजण कोणी घातले, हा प्रश्न तर अजून तसाच आहे. त्यासाठी आता स्पेनच्या ला पाल्मा बेटावर आणि चिलीत नव्या गॅमा-दुर्बिणींचे मोठे ताफे उभे राहत आहेत.