चार हजारांत एक

२०२५ साली महाराष्ट्रातून बारावीच्या परीक्षेला १५,०५,०३७ विद्यार्थी बसणार होते. ५ मे रोजी निकाल लागला, तेव्हा राज्य मंडळाने कॉपीच्या प्रकरणांचाही आकडा सांगितला : ३७४. भागाकार करून पाहा. चार हजार चोवीस मुलांमागे एक. एका खोलीत पंचवीस मुलं धरली, तर १६१ खोल्या पालथ्या घातल्यावर एक कॉपीबहाद्दर हाती लागतो. प्रत्येकाने सहा पेपर दिले असं मानलं, तर चोवीस हजार उत्तरपत्रिकांमागे एक. इतकं प्रामाणिक राज्य पृथ्वीच्या पाठीवर दुसरं नसावं.

आता त्याच मंडळाचा दुसरा आकडा घ्या. बारावीची ३,३७६ केंद्रं होती. त्यातल्या ८१८ केंद्रांवर आधीच्या परीक्षांत गैरप्रकार आढळले होते, म्हणून तिथले केंद्र संचालक आणि पर्यवेक्षक बाहेरच्या शाळांतून आणायचं ठरलं. म्हणजे दर चार केंद्रांपैकी जवळजवळ एक. दहावीच्या ५,१३० केंद्रांपैकी अशी ७०१ होती, म्हणजे सातात एक. चार केंद्रांतलं एक संशयित आणि चार हजार मुलांतला एक दोषी! हे दोन्ही आकडे सरकारीच आहेत आणि त्यांचा मेळ कसा घालायचा, हे अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

३७४ची फोड आणखी गमतीची आहे. त्यातली २१४ प्रकरणं एकट्या छत्रपती संभाजीनगर विभागातली, म्हणजे निम्म्याहून जास्त. कोकणात शून्य. अमरावती विभागात अकोला, बुलढाणा, वाशीम, अमरावती आणि यवतमाळ असे पाच जिल्हे येतात; या पाचांत मिळून सतरा. यावरून वऱ्हाडातली पोरं भोळी आणि मराठवाड्यातली लबाड असा निष्कर्ष कोणी काढणार असेल तर त्याला माझा नमस्कार. कॉपी किती झाली हे त्या आकड्यावरून कळत नाही. फार तर भरारी पथक कुठे उतरलं तेवढं कळतं.

पथकांचं गणित तर आणखी अवघड. बारावीला राज्यभर २७१ भरारी पथकं होती, म्हणजे एका पथकाच्या वाट्याला साडेबारा केंद्रं आणि पेपर तीन तासांचा. आता यवतमाळ जिल्हा डोळ्यांपुढे आणा. क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, साडेतीन गोवे आत मावतील एवढं. तालुके सोळा. एका टोकाला वणी, दुसऱ्या टोकाला उमरखेड, मधलं अंतर दोनशे किलोमीटरांच्या घरात. पथकाची गाडी फाट्यावर वळली की केंद्रावर फोन पोचलेला असतो. गाडी येऊन, धूळ खाली बसून, चहा होईपर्यंत चिठ्ठ्या खिडकीबाहेर आणि मुलं ध्यानस्थ. कोणतं सेंटर ‘कडक’ आणि कोणतं ‘ढिलं’, हे गावातल्या नववीतल्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त कागदावर ते कुठे येत नाही.

यवतमाळचं नाव २१ फेब्रुवारी २०२५ला राज्यभर झालं. दहावीचा पहिलाच दिवस, मराठीचा पेपर. महागाव तालुक्यातल्या कोठारी केंद्रावरून प्रश्नपत्रिकेचे फोटो मोबाइलवर फिरल्याच्या बातम्या आल्या. त्याच दिवशी जालना जिल्ह्यातल्या बदनापूरचंही नाव आलं. मातृभाषेचा पेपर, तरी त्यालाही बाहेरची मदत लागावी, यावर वेगळा लेख होईल. पण गाव बाजूला ठेवून या घटनेच्या आकाराकडे पाहा.

त्या वर्षी राज्यात दहावीला १६,११,६१० मुलं बसणार होती. खोलीत पंचवीस धरले तर सुमारे ६४ हजार खोल्या आणि किमान तेवढेच पर्यवेक्षक. लोकसंख्येच्या प्रमाणात यवतमाळच्या वाट्याला त्यातले चाळीसेक हजार विद्यार्थी आणि सोळाशे खोल्या येतात. आता समजा, राज्यातले पर्यवेक्षक कमालीचे सचोटीचे आहेत. दहा हजारांतले ९,९९९ निष्कलंक. तरी एकेका पेपरला सहा माणसं फुटणार. दहावीचे लेखी पेपर नऊ. परीक्षा संपेपर्यंत पन्नासच्या वर संधी. आणि फोटो एकच पुरतो. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. त्या प्रत्येकाने तो आणखी एका भरलेल्या वेगळ्या ग्रुपवर टाकला, तर दुसऱ्याच उडीत १०,४८,५७६ जणांपर्यंत पोचतो. ड्रोन, व्हिडिओ चित्रीकरण, झेरॉक्सची दुकानं बंद, जमावबंदी, हा परीक्षेचा सगळा बंदोबस्त त्या दोन उड्यांपुढे तोकडा पडतो.

२०२३मध्ये अमरावती विभागातल्याच बुलढाण्यात, सिंदखेडराजा परिसरात बारावीच्या गणिताचा पेपर असाच बाहेर गेला. अटक झालेल्यांत शिक्षकही होते.

शिक्षक का फुटतो? केवळ पैशासाठी, हे उत्तर मला अपुरं वाटतं. पटावर तुकडी टिकते, तुकडीवर शिक्षकाची नोकरी टिकते, आणि पट टिकतो निकालावर. नव्वद टक्क्यांच्या गावात सत्तर टक्के निकाल लावणाऱ्या शाळेला पुढच्या जूनमध्ये विद्यार्थी मिळत नाहीत. मग बोर्डावर ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’ लिहिणं भाग पडतं. शहरातल्या क्लासला वर्षभर बसणारी मुलं खेड्यातल्या कॉलेजात नुसतं नाव टाकतात, तेही याच हिशेबाने. यात पालकही आहेत आणि संस्थाचालकही. मुलगा तर साखळीतला सर्वांत शेवटचा गडी, आणि पकडला जातो तो नेमका तोच.

निकालाचा आकडा किती लवचीक असतो हे पाहायचं तर दहावीची चार वर्षं पुरेत. २०१८ : ८९.४१ टक्के. २०१९मध्ये अभ्यासक्रम नवा आला आणि भाषा विषयांचे शाळेच्या हातातले तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून घेतले; निकाल ७७.१० टक्क्यांवर आपटला. ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२०मध्ये ९५.३० टक्के. एका वर्षात उत्तीर्णांची संख्या १२,४७,९०३ वरून १५,०१,१०५ झाली, म्हणजे अडीच लाखांची भर, तीही परीक्षार्थी कमी झालेले असताना. २०२१मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, मूल्यमापन शाळांनी केलं. निकाल ९९.९५ टक्के. पावणेसोळा लाखांतून नापास किती? ७५८. 

उलट टोक उत्तर प्रदेशात दिसलं. १९९२मध्ये कल्याणसिंह सरकारने कॉपीविरोधी अध्यादेश आणला आणि हायस्कूलचा निकाल १४.७० टक्के लागला. २०१८मध्ये तिथेच कॅमेरे बसल्यावर दहा लाखांहून अधिक मुलांनी परीक्षेकडे पाठ फिरवली. आपल्याकडे नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम गाजली. म्हणजे कॉपी थांबवता येते. त्यानंतर लागणारा निकाल पाहण्याची छाती मात्र कोणाची नसते.

कारण त्याखाली जे दडलंय ते ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३च्या पाहणीत उघडं पडलं. ग्रामीण भारतातल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाची मुलं तपासली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं फक्त ४३.३ टक्क्यांना. आपल्याकडे दहावीचा निकाल नव्वदच्या वर आणि ग्रामीण भारतात भागाकार निम्म्यांनाही नाही. यांतल्या काही मुलांना चिठ्ठी लबाडीसाठी लागत नाही. दुसरं काही त्यांच्याजवळ नसतंच.

परिणाम किती लांब जातो? २०१९-२०च्या शिक्षक पात्रता परीक्षेत साडेसोळा हजारांहून अधिक उमेदवार उत्तीर्ण ठरले होते. गुणांत फेरफार झाल्याचं पोलीस तपासात निघालं आणि ७,८०० हून अधिक जणांवर २०२२मध्ये बंदी आली. जवळजवळ निम्मे! परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली. बंदी आलेले हे सगळे वर्गावर गेले असते आणि एकेकाने तीसच मुलं शिकवली असती, तर दर वर्षी सव्वादोन लाखांवर मुलं यांच्या हाताखालून गेली असती.

मंडळाकडे प्रत्येक केंद्राचे लेखी आणि अंतर्गत गुण वेगवेगळे आहेत. कोणत्या खोलीतल्या पंचवीस उत्तरपत्रिकांत एकच चूक एकाच शब्दांत आली, हेही तपासनिसांना दिसतं. हे आकडे मंडळाने केंद्रनिहाय जाहीर करावेत, मुलांची नावं न देता. सुरुवात यवतमाळच्या सोळा तालुक्यांपासून केली तरी चालेल.