टाइमआउट म्हणजे नकार नव्हे

सकाळी १०
हिंजवडीचा ट्रॅफिक ओलांडून आलो की आधी रात्रीचे लॉग. आमचं सॉफ्टवेअर गृहनिर्माण सोसायट्यांचा मेंटेनन्स यूपीआयनं गोळा करतं, त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला लॉग फुगतात. आज बहुतेक ओळी ‘अनडिफाइन्ड’च्या. फ्लॅट सापडला नाही, फंक्शननं काहीच दिलं नाही आणि पुढच्या ओळीनं त्या ‘काहीच नाही’कडे मालकाचं नाव मागितलं. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत असाच ‘काहीच नाही’, म्हणजे नल, आणला आणि २००९मध्ये तीच आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचं सांगितलं. टाइपस्क्रिप्टची स्ट्रिक्ट तपासणी चालू असली की हे कंपायलरच पकडतो. या जुन्या मोड्यूलला ती लावलेलीच नव्हती. लावली. लाल रेघांचा पाऊस.

११.१५
पैसे कापणाऱ्या फंक्शनची सिग्नेचर म्हणते: रक्कम द्या, पावती घ्या. धादांत खोटं! खात्यात शिल्लक नसते, पिन चुकतो, बँकेचा सर्व्हर बंद असतो. हे सगळं थ्रो होऊन वरच्या कुठल्या तरी कॅचमध्ये जाऊन पडतं, आणि फंक्शन काय थ्रो करतं हे लिहायची टाइपस्क्रिप्टमध्ये सोयच नाही. जावानं चेक्ड एक्सेप्शनची सक्ती करून पाहिली. लोकांनी रिकामे कॅच लिहून कंपायलरची बोळवण केली.

म्हणून हॅस्केलच्या आयदरसारखा किंवा रस्टच्या रिझल्टसारखा टाइप परत द्यायचा: एक तर पावती, नाहीतर नाव असलेली चूक. कुठलं आलंय ते तपासल्याशिवाय पावतीला हात लावता येत नाही. पायऱ्या फ्लॅटमॅपनं जोडल्या की पहिल्या चुकीनंतरच्या पायऱ्या आपोआप गळतात. रस्टमध्ये तेच काम एक प्रश्नचिन्ह करतं.

१२.३०
सभासदांची एक्सेल फाइल वाचताना मात्र ही साखळी नको. एक चूक दाखवून थांबलो तर सचिव ती सुधारणार, फाइल पुन्हा चढवणार, पुढची चूक पाहणार आणि मग आम्हाला फोन करणार. इथे प्रत्येक ओळ स्वतंत्र तपासून सगळ्या चुका एकत्र द्यायच्या.

१.३०
डबा. मेथीची भाजी.

२.३०
आजचं खरं काम. बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही, तर आमचा कोड ‘पेमेंट फसलं’ असं नोंदवतो. पण टाइमआउट म्हणजे नकार नव्हे. पैसे कापले गेले असतील किंवा नसतीलही. ‘फसलं’ दाखवलं की सभासद पुन्हा पैसे भरतो आणि दोनदा कापले जातात. चुकांच्या यादीत ‘निकाल अनिश्चित’ ही वेगळी जात घातली. तिच्यावर उपाय एकच: नवा व्यवहार करायचा नाही, त्याच व्यवहार क्रमांकावर स्थिती विचारत राहायचं.

यादीत एक नाव वाढलं आणि बिल्ड कोसळलं. छान! प्रत्येक स्विचच्या शेवटी आम्ही ‘नेव्हर’ची तपासणी ठेवतो, त्यामुळे नव्या नावाची दखल न घेणारी प्रत्येक जागा कंपायलर दाखवतो. व्हॉट्सॲपचा संदेश, खातेवही, थकबाकीचा अहवाल. शेवटचा तर कुणाच्या डोक्यातही नव्हता: उत्तराची वाट पाहणाऱ्या सभासदावर व्याज लागलं असतं.

५.००
ज्युनिअरचा कोड तपासायला घेतला. तिनं सगळंच रिझल्टमध्ये गुंडाळलंय, रिकामी होऊच न शकणाऱ्या यादीचा पहिला घटकसुद्धा.

“अगं, ही यादी रिकामी निघाली तर तो आपला बग. सचिव त्याचं काय करणार? कोसळू दे.”

“आणि एरियन ५?”

तिचा मुद्दा बिनतोड होता. ४ जून १९९६. कोड अडा या काटेकोर टाइपांच्या भाषेतला. ६४ बिटांची फ्लोटिंग-पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, एक्सेप्शन कुणी हाताळलं नाही आणि ठरल्याप्रमाणे संगणक बंद पडला. पर्यायी संगणकात तोच कोड, तोही तसाच बंद. उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत रॉकेट संपलं.

“मग कोसळू द्यायचं, पण एका विनंतीपुरतं,” मी म्हटलं. “सर्व्हरच्या दारात एकच कॅच. तिथे नोंद करायची, ती विनंती सोडायची, बाकीचे व्यवहार चालू.”

“आणि पैसे कापल्यानंतर कोसळलं तर?”

“तर तेही अनिश्चित.”

तिनं दारातल्या त्या कॅचमध्ये स्थिती विचारायची ओळ घातली. उद्या त्या ओळीची टेस्ट लिहायची, मग बिल्ड पुढे.